प्रेमचंद रायचंद : तेजीचे धनी, मंदीचे साक्षीदार

१ जुलै १८६५ हा मुंबईच्या व्यापारी इतिहासातील काळा दिवस मानला जातो. आधीच्या महिन्यांत झालेले शेअरचे हजारो वायदे त्या दिवशी पुरे करावयाचे होते. देणेकरी होते, घेणेकरी होते, सह्यांचे कागदही होते. नव्हता तो फक्त पैसा. कालपर्यंत लक्षाधीश म्हणून मिरवणारे व्यापारी एका दिवसात दिवाळखोर ठरले आणि प्रत्येकाच्या दिवाळ्यामागे दुसऱ्या दहाजणांचे देणे अडकलेले निघाले. या साऱ्या व्यवहारांचा धागा शोधीत गेले, की तो बहुतेक वेळा एकाच माणसापाशी पोहोचत असे. त्यांचे नाव प्रेमचंद रायचंद.

मुंबईकरांच्या लेखी आज हे नाव राजाबाई टॉवरशी जोडलेले आहे. कोणी त्यांना कापसाचा राजा म्हणून ओळखतात, कोणी शेअरबाजाराचे आद्यपुरुष म्हणून. परंतु त्यांच्या आयुष्याची खरी शिकवण कंपनी, बँक, वायदा आणि जमीन यांविषयीच्या कायद्यांच्या संदर्भात आहे. गुंतवणूकदाराला आज जे संरक्षण गृहीत धरावेसे वाटते, त्यातील बरेचसे तेव्हा अस्तित्वातच नव्हते, आणि जे होते ते ऐन मोक्याच्या वेळी काढून घेण्यात आले होते.

सुरतेहून मुंबईकडे

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेत एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत श्रीमंत बंदर असलेली सुरत तोवर उतरणीला लागली होती आणि तेथील व्यापारी घराणी एकेक करून मुंबईची वाट धरीत होती. प्रेमचंद यांचे वडील रायचंद दीपचंद हेही कुटुंबासह मुंबईत आले. मुलाला त्यांनी इंग्रजी शाळेत घातले. व्यापारी घरातील मुलाने पेढीवर बसून हिशेब शिकावा अशी रीत असताना हा निर्णय वेगळा होता आणि पुढे तोच निर्णायक ठरला.

ऐन विशीत प्रेमचंद दलालीत शिरले. त्याकाळी मुंबईत शेअरचे दलाल हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली उभे राहून ते बँकांचे आणि कापूस दाबण्याच्या प्रेस कंपन्यांचे मोजके शेअर विकीत आणि विकत घेत. इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारे पहिले देशी दलाल असा प्रेमचंद यांचा लौकिक झाला. इंग्रज बँक व्यवस्थापकांशी दुभाष्याविना बोलणारा आणि बाजारातील गुजराती, कच्छी व पारशी व्यापाऱ्यांची नस ओळखणारा माणूस दोन्ही बाजूंना हवा होता. सौदे टिपून न ठेवता तोंडपाठ ठेवण्याची त्यांची हातोटी बाजारात दंतकथेसारखी सांगितली जात असे.

कापसाच्या व्यापारात त्यांनी बातमीचे मोल ओळखले. लिव्हरपूलचा भाव जहाजातून येणाऱ्या टपालाने कळत असे. जहाज बंदराला लागण्याआधीच होड्या पाठवून ती बातमी मिळवायची आणि इतरांना कळण्यापूर्वी सौदे उरकायचे, ही युक्ती त्यांच्या नावावर सांगितली जाते. आज अशा आगाऊ माहितीच्या व्यवहारांवर कायद्याची करडी नजर असते. त्या काळी मात्र ती निव्वळ हुशारी समजली जात असे.

अमेरिकेतील युद्ध, मुंबईतील सोने

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडील आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. १८६०-६१ मध्ये हिंदुस्थानातून सुमारे ७३ लाख पौंडांचा कापूस परदेशी गेला होता. १८६४-६५ मध्ये ही रक्कम पावणेचार कोटी पौंडांच्या घरात गेली. त्यातील मोठा वाटा मुंबई बंदरातून जात होता. लोकांनी गाद्या उसवून त्यातील कापूससुद्धा विकायला काढला, असे त्या काळच्या वर्णनांत आढळते. युद्धाच्या वर्षांत नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड अधिक मुंबईच्या पदरात पडले, असा अंदाज पुढे मांडला गेला.

एवढा पैसा ठेवायचा कोठे, हा प्रश्न होता. रेल्वे अर्धीमुर्धी झाली होती, कापडगिरण्या नुकत्या कोठे उभ्या राहत होत्या. उद्योगांत खपेल त्याहून कितीतरी अधिक पैसा शहरात खेळत होता. म्हणून तो वळला कागदाकडे. जानेवारी १८६५ पर्यंत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. शेअर दलालांची संख्या ६० वरून २०० च्या पुढे गेली. कारकून, वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी असे सारेच या बाजारात उतरले.

या बाजाराची किल्ली प्रेमचंद यांच्या हाती होती. नवी कंपनी निघाली, की तिचे शेअर मूळ किमतीला कोणाला द्यायचे हे प्रवर्तक ठरवीत, आणि बहुतेक बड्या कंपन्यांत प्रवर्तकांचे सल्लागार प्रेमचंद असत. मूळ किमतीला शेअर मिळाला, की दुसऱ्या दिवशी तो अधिमूल्याने विकता येई. म्हणजे शेअरवाटप ही जवळजवळ रोख रकमेची खिरापतच होती. भायखळ्याच्या त्यांच्या बंगल्यावर शेअरच्या याचकांची रीघ लागे. त्यात देशी व्यापाऱ्यांबरोबर गोरे साहेबही असत.

कायद्याने दिलेली मोकळीक

एवढ्या कंपन्या इतक्या झटपट निघू शकल्या त्यामागे कायद्यातील एक मोठा बदल होता. १८५७ च्या कंपनी कायद्याने हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारीची वाट खुली केली. त्यापूर्वी भागीदारीतील धंदा बुडाला, तर भागीदाराचे घरदारही सावकाराच्या तावडीत जाऊ शकत असे. मर्यादित जबाबदारीच्या तत्त्वामुळे भागधारकाचा धोका त्याने घेतलेल्या शेअरच्या रकमेपुरताच राहू लागला. बँका आणि विमा कंपन्यांना १८५७ मध्ये ही सवलत नव्हती. १८६० च्या कायद्याने ती बँकांनाही लागू झाली. त्यानंतर चारच वर्षांत मुंबईत बँकांचे पेव फुटले, हा योगायोग नव्हता.

तत्त्व चांगलेच होते. अनेकांची थोडी थोडी पुंजी एकत्र आणून मोठे काम करायचे, तर त्यावाचून गत्यंतर नाही. मात्र त्याची अर्धीच बाजू लोकांनी ऐकली. बहुतेक कंपन्यांचे शेअर पूर्ण रक्कम भरून घेतलेले नसत. सुरुवातीला काही हिस्सा भरायचा, उरलेला कंपनी मागेल तेव्हा द्यायचा, असा करार असे. शेअर म्हणजे मालमत्ता, एवढेच खरेदीदाराला दिसे. उरलेल्या रकमेच्या मानाने ते कर्जही आहे, हे दिसत नसे. मर्यादित जबाबदारी म्हणजे शून्य जबाबदारी नव्हे. कंपनी बुडाल्यावर न भरलेल्या हप्त्यांची मागणी दारात आली, तेव्हा अनेकांना या वाक्याचा अर्थ कळला.

दुसरी मोकळीक माहितीच्या बाबतीत होती. कंपनीचा पैसा कशात गुंतवला आहे, प्रवर्तकाने स्वतःसाठी काय ठेवले आहे, संचालकांचे हितसंबंध कोठे गुंतले आहेत, हे जाहीर करण्याची सक्ती जवळपास नव्हतीच. वित्तसंस्था परस्परांचे शेअर तारण घेऊन परस्परांच्या भागधारकांना कर्ज देत. त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात आणि भाव चढला की त्याच शेअरवर आणखी कर्ज मिळे. कागदावर प्रत्येकजण श्रीमंत होता, परंतु साखळीच्या शेवटी खरी मालमत्ता कोणती, हे विचारणारा कोणी नव्हता.

वायदा की पैज?

तिसरा प्रश्न वायद्याचा. ठरावीक तारखेला ठरावीक भावाने शेअर देण्या-घेण्याचा करार मुळात बेकायदा नव्हता. परंतु शेअर प्रत्यक्षात हाती घ्यायचेच नाहीत, भावातील फरकाची तेवढी देवघेव करायची, असा दोन्ही पक्षांचा हेतू असेल तर तो व्यापार की जुगार? मुंबईला हा वाद नवा नव्हता. अफूच्या भावावर लावलेल्या पैजांचा मुंबईचा दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता आणि १८४८ मध्ये कौन्सिलने अशा पैजा वसूल होऊ शकतात असा निकाल दिला होता. त्याच वर्षी सरकारने कायदा करून पैजेचे करार निरर्थक ठरविले.

मात्र त्यालाही फाटा फुटला. पैज निरर्थक असली, तरी पैजेसाठी दलालाने भरलेली रक्कम किंवा दिलेले कर्ज वसूल करता येईल काय, असा पेच उरला. मुंबई इलाख्यापुरते त्याचे उत्तर १८६५ च्या कायद्याने दिले आणि पैजेला जोडून असलेले करारही निरर्थक ठरविले. पुढे १८७२ च्या करार कायद्यातील ३० व्या कलमाने पैजेचे करार देशभर निरर्थक ठरविले. शेअर वा माल प्रत्यक्ष देण्याघेण्याचा खरा हेतू होता काय, या कसोटीवर न्यायालये वायद्याची पारख करू लागली. १८६४ च्या तेजीत मात्र कसोटी लावण्याची गरजच कोणाला वाटत नव्हती. भाव चढत होता, तोवर साऱ्यांचे सारे करार पाळले जात होते.

बॅक बे : समुद्रातील मालमत्ता

या तेजीचे सर्वांत झगझगीत प्रतीक म्हणजे बॅक बे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिलच्या पायथ्यापासून कुलाब्यापर्यंतचा उथळ समुद्र भरून काढायचा, रेल्वेसाठी लागणारी जमीन सरकारला द्यायची आणि उरलेली विकून नफा कमवायचा, अशी ही योजना होती. शहराला जागेची खरोखरच निकड होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचे जुने तट पाडायला घेतले होते आणि मोकळ्या झालेल्या भूखंडांचे लिलाव होत होते. समुद्रकिनाऱ्याच्या जमिनीवर हक्क सरकारचा. त्यामुळे भराव घालण्याची सरकारी परवानगी हीच कंपनीची खरी मालमत्ता होती.

मुंबई सरकारने या कंपनीचे ४०० शेअर स्वतः घेण्याचे ठरविले होते. परवाना देणाऱ्यानेच भागीदार होण्यातील धोका वरिष्ठांना दिसला असावा. वरिष्ठ सरकारने त्यास नकार दिला. मग ते ४०० शेअर जाहीर लिलावात काढले गेले आणि एक कोटीहून अधिक रुपये अधिमूल्य मिळाले. भरलेली रक्कम ५ हजार रुपये असलेला शेअर पुढे ५० हजारांपर्यंत चढला. लोक ज्या जमिनीसाठी ही किंमत मोजत होते, ती तोवर पाण्याखालीच होती.

पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन कंपनी, माझगावात दुसरी, कुलाब्यात तिसरी, अशा जमीन कंपन्या पाठोपाठ निघाल्या. त्यांतील काहींनी प्रत्यक्षात कामही केले. एल्फिन्स्टन कंपनीने मिळविलेली जमीन व धक्के सरकारने १८७० मध्ये विकत घेतले आणि १८७३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई पोर्ट ट्रस्टचा पाया त्यावर रचला गेला. म्हणजे योजना साऱ्याच पोकळ नव्हत्या. पोकळ होती ती त्यांच्या शेअरची किंमत.

बँक ऑफ बॉम्बेची दारे

या साऱ्या डोलाऱ्याला इंधन पुरविले ते बँक ऑफ बॉम्बेने. १८४० मध्ये स्थापन झालेली ही निमसरकारी बँक. तिच्यात सरकारचे भांडवल होते आणि काही संचालक सरकार नेमीत असे. जुन्या सनदेने तिला कडक शिस्त घालून दिली होती. कर्जाची मुदत, कर्जाची मर्यादा, तारणाचे स्वरूप, सारे ठरलेले. पुढे नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. त्या बदल्यात बँकांना व्यवहाराची अधिक मोकळीक द्यावी असे ठरले. १८६३ च्या नव्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला कंपन्यांचे शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची मुभा मिळाली. ही मुभा मिळाली ती नेमकी शेअरच्या वेडाला भर आला असताना.

बँकेचे सचिव जेम्स ब्लेअर आणि प्रेमचंद यांचे संबंध घनिष्ठ होते. कोणाला कर्ज द्यावे, कोणाचे तारण पुरेसे आहे, यात प्रेमचंद यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला.  त्यांची शिफारस असली, की तारणाची छाननी सैल होई. काही कर्जे निव्वळ वैयक्तिक हमीवर दिली गेली. संचालक मंडळ भरत होते, सह्या होत होत्या, पण प्रश्न विचारले जात नव्हते. ठेवीदार आणि भागधारक मात्र निर्धास्त होते, कारण बँकेवर सरकारचा हात होता.

येथे प्रेमचंद यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांनी इतरांचा पैसा लाटून स्वतः पळ काढला, असे चित्र नाही. आपण उभारलेल्या कंपन्यांवर त्यांचा स्वतःचाही विश्वास होता आणि त्यांची स्वतःची मालमत्ताही त्याच शेअरमध्ये अडकली होती. परंतु सल्लागार, प्रवर्तक, दलाल आणि कर्जदार या चारही भूमिका एकाच माणसाने वठवायच्या आणि त्याला हरकत घेणारा कोणी असू नये, हीच त्या व्यवस्थेची मूळ विकृती होती. माणूस कितीही सचोटीचा असला, तरी त्याच्या शब्दाला तारणाची जागा देता येत नाही.

कोसळण्याचे दिवस

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली. युद्ध संपल्याच्या वार्तेसरशी कापसाचे भाव गडगडले आणि कापसाबरोबर शेअरही. जुलैचे वायदे पुरे होणार नाहीत हे मे महिन्यातच दिसू लागले. बडे बडे व्यापारी हात वर करू लागले. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. बॅक बेचा शेअर तर भरलेल्या मूळ रकमेलाही विकला जाईना.

या लाटेत केवळ सटोडियेच बुडाले असे नाही. प्राच्यविद्येचे संशोधक आणि नामवंत वैद्य डॉ. भाऊ दाजी लाड यांची मिळकतही या शेअरच्या वेडात गेली. प्रेमचंद यांच्या सहभागाने लंडनमध्ये बँक काढण्याच्या खटपटीसाठी तरुण जमशेटजी टाटा विलायतेला गेले होते. त्यांच्या जवळच्या हुंड्या तेथे पोहोचेपर्यंत कवडीमोल झाल्या. धनकोंसमोर सारा हिशेब उघड मांडून जमशेटजींनी पत राखली आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. कर्जाच्या ओझ्याने शहरच खचले. १८६४ च्या खानेसुमारीत ८ लाख १६ हजारांवर असलेली मुंबईची लोकसंख्या १८७२ मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आली होती.

प्रेमचंद काही काळ तग धरून होते. १८६६ मध्ये लंडनमधील ओव्हरेंड गर्नी ही बलाढ्य पेढी कोसळली, तिच्या धक्क्याने हिंदुस्थानशी व्यवहार करणाऱ्या अनेक बँका बंद पडल्या आणि प्रेमचंद यांचाही आधार तुटला. त्यांची मालमत्ता धनकोंच्या हाती गेली. बँक ऑफ बॉम्बे आणखी काही काळ रखडत चालली आणि १८६८ मध्ये मोडीत निघाली. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी करण्यात आली. तीच पुढे १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत विलीन झाली आणि इम्पीरियल बँकेची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली.

चौकशीने काय सांगितले?

बँक का बुडाली हे शोधण्यासाठी सरकारने सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. प्रेमचंद यांनाही त्याच्यासमोर साक्ष द्यावी लागली. त्यावेळी सारे खापर त्यांच्यावर फोडणे सोपे होते. आयोगाने मात्र कारणांची उतरंड मांडली. १८६३ च्या कायद्याने काढून टाकलेली बंधने, मिळालेल्या अधिकारांचा सचिवांनी केलेला दुरुपयोग, संचालकांची बेपर्वाई, बँकेला खंबीर कायदेशीर सल्लागार नसणे आणि काळाची असाधारण परिस्थिती, असा त्याचा निष्कर्ष होता.

या यादीतील पहिले कारण महत्त्वाचे खरे, पण ते एकटे पुरेसे नाही. तशीच मोकळीक कलकत्त्याच्या बँक ऑफ बेंगॉललाही मिळाली होती आणि ती बँक तरली. सैल कायदा, सचिवाची मर्जी, झोपलेले संचालक आणि एका माणसावर आंधळा भरवसा, हे सारे मुंबईत एकत्र आले. यांपैकी कोणतीही एक कडी शाबूत असती, तरी नुकसान बरेच कमी झाले असते.

धडा मात्र सरकारने घेतला. १८६६ मध्ये इंग्लंडच्या धर्तीवर नवा कंपनी कायदा आला. १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने तिन्ही बँकांवर तारणाची आणि मुदतीची बंधने पुन्हा घातली. सरकारने या बँकांतील आपले भांडवल काढून घेतले आणि संचालक नेमण्याचा हक्कही सोडला. सरकारचे नाव पाहून गुंतवणूकदाराने निर्धास्त व्हावे आणि सरकारने मात्र देखरेख करू नये, ही विसंगती त्यामुळे संपली.

पुन्हा दलाल

दिवाळे निघालेला माणूस बाजारातून नाहीसा होतो. प्रेमचंद नाहीसे झाले नाहीत. वैभव गेले, पण दलालीतील ज्ञान आणि लोकांशी असलेला संबंध उरला होता. ते पुन्हा कापूस आणि शेअरच्या धंद्यात उभे राहिले. पूर्वीचे साम्राज्य परतले नाही, तरी त्यांची पेढी प्रतिष्ठेने चालत राहिली.

यानंतरचे त्यांचे सर्वांत टिकाऊ काम १८७५ मधील. त्या वर्षी मुंबईच्या देशी दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद अग्रणी होते. १८८७ मध्ये तिचा रीतसर विश्वस्त करार झाला. सभासद कोण, व्यवहाराची तारीख कोणती, वाद झाल्यास निवाडा कोणी करायचा आणि देणे चुकविणाऱ्या दलालाचे काय करायचे, हे ठरवणारी चौकट बाजाराला मिळाली. हीच संघटना म्हणजे आजचा मुंबई शेअरबाजार. वडाच्या झाडाखाली तोंडी शब्दावर चालणारा धंदा नियमांत बांधण्याच्या कामी, त्या तोंडी शब्दाचे सर्वांत मोठे यश आणि सर्वांत मोठे अपयश अनुभवलेला माणूसच पुढे होता.

बॅक बेच्या अर्धवट भरावाची कथाही तेथेच थांबली नाही. कंपनी मोडीत निघाल्यावर सरकारने काम ताब्यात घेतले आणि किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीवरून बी.बी.सी.आय. रेल्वेचा मार्ग गेला. आजही चर्चगेटहून निघालेली लोकल त्या पट्टीवरून धावते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर सरकारने स्वतः बॅक बे भरण्याची योजना पुन्हा हाती घेतली, तेव्हाही खर्चाचा आणि गैरव्यवहाराच्या आरोपांचा गदारोळ झाला आणि वीर नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला गुदरण्यात आला. १९२८ मध्ये ते त्यातून निर्दोष सुटले. समुद्राकडून मिळविलेल्या जमिनीचा व्यवहार मुंबईत कधीच साधा राहिलेला नाही.

दान आणि देणे

तेजीच्या वर्षांत प्रेमचंद यांनी सढळ हाताने दान केले. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी १८६४ मध्ये २ लाख रुपये दिले आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे, एवढीच अपेक्षा होती. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेल्या या इमारतीचा पायाभरणी समारंभ १८६९ मध्ये झाला आणि १८७८ मध्ये काम पुरे झाले. म्हणजे मनोरा चढत होता तेव्हा दाता आधीच उतरला होता. दृष्टी अधू झालेल्या आईला सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ कळावी म्हणून हे घड्याळ बांधले, अशी गोष्ट सांगितली जाते. ती लोककथा म्हणूनच घ्यावी, पण मुंबईने ती जपली आहे.

कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या २ लाखांतून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती बंगालमधील विद्वत्तेचा मानदंड ठरली. सर आशुतोष मुखर्जी हे तिचे एक मानकरी. सुरतेत मुलींच्या शाळेसाठी आणि अहमदाबादेत शिक्षक प्रशिक्षणासाठीही त्यांचा पैसा गेला.

या दानाकडे कसे पाहावे? ज्यांचे पैसे बँक ऑफ बॉम्बेत बुडाले, त्यांच्या दृष्टीने तो मनोरा त्यांच्याच पैशाचा होता असे म्हणता येईल. परंतु तेजीतील बहुतेक पैसा मेजवान्यांत, बंगल्यांत आणि पुन्हा नव्या शेअरमध्ये विरून गेला, त्याचा आज मागमूसही नाही. ग्रंथालयात गेलेला पैसा तेवढा शहराच्या उपयोगी पडत राहिला. दानाने देणे फिटत नाही आणि देण्याने दानाचे मोल जात नाही. प्रेमचंद यांच्या खात्यात या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

३१ ऑगस्ट १९०६ रोजी प्रेमचंद रायचंद यांचे निधन झाले. त्यानंतरच्या काळात कायद्याची चौकट पुष्कळ भक्कम झाली. १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्याने शेअरबाजार सरकारी मान्यतेखाली आले, १९९२ मध्ये सेबीला वैधानिक अधिकार मिळाले, आणि बँकांनी शेअरबाजारात किती पैसा गुंतवावा यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातल्या. तरीही १९९२ च्या रोखे गैरव्यवहारात बँकांचा पैसा पुरेशा तारणाविना दलालाच्या हाती गेलाच. सव्वाशे वर्षांत कागदाचे रूप बदलले होते, चूक तीच होती.

भाव चढत असताना नियम अडथळ्यासारखे वाटतात. शेअर घेताना तो किती भरलेला आहे, कंपनीची जमीन कोणाच्या नावावर आहे, कर्जामागे तारण काय आहे आणि सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध कोणता, हे चार प्रश्न १८६४ मध्ये मुंबईत फार थोड्यांनी विचारले. ते विचारायला तेव्हाही पैसे पडत नव्हते, आजही पडत नाहीत.